लिहून सांगितलेलं दुखणं

जून २०२० मधली बुधवारची दुपार. सांगलीतल्या आमच्या घराच्या माडीवर तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून मी बसले होते. खाली सासूबाई टीव्ही बघत होत्या. जिन्याच्या दाराला आतून कडी घातली होती. पडद्यावर पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ मॅडम होत्या. "नेमकं काय होतं, सांगाल?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "बोलायलाच हवं असं नाही. लिहून पाठवा." मी टाइप केलं : ‘तिथं आग होते. कापडाचा स्पर्शसुद्धा नको वाटतो. अकरा वर्षं झाली.’

ही तीन वाक्यं मी नवऱ्यालाही इतकी सरळ कधी सांगितली नव्हती.

लग्न २००९ सालचं. पहिल्या वर्षी एका डॉक्टरबाई म्हणाल्या, "नवीन आहे, सवय होईल." दुसऱ्या म्हणाल्या, "एक मूल झालं की थांबेल." बुरशीवरचं मलम किती वेळा लावलं, मोजदाद नाही, तपासणीत बुरशी मात्र कधी सापडली नाही. २०१६ मध्ये पुण्यातल्या एका डॉक्टरांनी कापसाचा बोळा लावलेली बारीक काडी घेतली आणि योनीच्या तोंडाशी एकेका जागी हलकेच टेकवत विचारलं, "इथं? इथं?" घड्याळात पाच वाजतात त्या जागेला काडी लागली आणि मी किंचाळले. त्यांनी कागदावर लिहून दिलं : व्हल्वोडिनिया. बाह्य जननेंद्रियाचं असं दुखणं, जे किमान तीन महिने टिकतं आणि ज्याचं दुसरं स्पष्ट कारण सापडत नाही.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. नाव हाती आलं की ते आलं कुठून हे शोधणं माझ्या अंगवळणी पडलंय. शोधत गेले आणि संताप आला, कारण हे दुखणं नवीन नव्हतंच. १८८० मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ गेलार्ड थॉमस यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात योनिमुखाच्या अतिसंवेदनशीलतेचं वर्णन केलं होतं. त्याच दशकात ब्रुकलिनच्या अलेक्झांडर स्कीन यांनीही तेच नोंदवलं. १९२८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या हॉवर्ड केली यांनी संबंधाच्या वेळच्या वेदनेचं मूळ म्हणून योनिपटलाच्या कडेवरच्या लालभडक, हात लावू न देणाऱ्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं. आपल्याकडे तर चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापद, म्हणजे योनिरोग, सांगितल्या आहेत, आणि त्यांतल्या परिप्लुतेत सूज, वेदना आणि स्पर्श न सोसणं ही लक्षणं येतात. ती आणि माझी व्याधी एकच, असा माझा दावा नाही. पण बाईला तिथं स्पर्श सोसत नाही, हे कुणीतरी फार पूर्वी ऐकून घेतलं होतं, एवढं त्यातून कळतं.

केली यांच्यानंतर हे दुखणं पुस्तकांतून जवळजवळ नाहीसं झालं. डोळ्यांना जखम दिसत नाही, तपासणीत जंतू सापडत नाहीत, म्हणजे दोष बाईच्या मनात, असं ठरत गेलं. योनिमुखाच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. १९७६ मध्ये तिच्या सभेत या आगीची दखल घेतली गेली आणि पुढच्या दशकात ‘व्हल्वोडिनिया’ हा शब्द रूढ झाला. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या एडुआर्ड फ्रेडरिक यांनी निदानाच्या खुणा ठरवून दिल्या. बोळ्याच्या हलक्या दाबानं होणारी वेदना ही त्यांतली एक. माझी किंकाळी ज्या तपासणीतून निघाली, तिला तेव्हा कुठे शास्त्रात पक्की जागा मिळाली.

माझ्यासाठी या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं गाव म्हणजे कॅनडातलं माँट्रियल. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा ‘दार-सिद्धांत’ मांडला. वेदनेचा संदेश मेंदूकडे सरळ पोचत नाही, मज्जारज्जूत जणू एक दार असतं, आणि मेंदूकडून उतरणारे संदेशही ते उघडू-मिटू शकतात, असं त्यांचं म्हणणं. मेलझॅक पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काम करत राहिले. तिथलेच मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग बिनिक यांनी २००५ मध्ये विचारलं, की संबंधात होणाऱ्या वेदनेला लैंगिक बिघाड का म्हणायचं? कंबर दुखली तर त्याला आपण वेदनाच म्हणतो. हीही वेदनाच आहे.

त्याआधी, २००१ मध्ये, सोफी बर्जेरॉन, बिनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ७८ स्त्रियांची तीन गटांत विभागणी केली : एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करण्याचं यंत्राच्या मदतीनं शिक्षण, तिसऱ्याला गटात बसून विचार आणि वर्तनावर काम करणारे मानसोपचार. तिन्ही गटांना फायदा झाला. सुरुवातीला शस्त्रक्रिया सरस ठरली. अडीच वर्षांनी मात्र संबंधाच्या वेळची वेदना स्त्रियांनी स्वतः सांगितली, तेव्हा मानसोपचार शस्त्रक्रियेच्या बरोबरीला आले होते.

"म्हणजे मनाचंच होतं की!" असं कुणी म्हणेल म्हणून हे नीट लिहिते. वेदना खरीच असते. ती होणार या धास्तीनं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतात, आवळल्यानं जास्त दुखतं, जास्त दुखलं की धास्ती वाढते. ही साखळी मधेच तोडता येते. मॅडमनी मला वेदनेची वही ठेवायला लावली, श्वासाबरोबर स्नायू सोडायला शिकवलं, आणि संबंधाचा विषय काही महिने पूर्ण बाजूला ठेवायला सांगितला. चौथ्या भेटीला नवरा शेजारी येऊन बसला. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "मग मी काय करू नको?"

हे सगळं पडद्यावरून व्हावं, यामागेही इतिहास आहे. स्वीडनमध्ये गेरहार्ड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये इंटरनेटवरून डोकेदुखीवर मानसोपचार देऊन पाहिले होते. २०२२ मध्ये तिथल्याच एका प्रयोगाचे निष्कर्ष आले, खास या दुखण्यावरचे. दवाखान्यातल्या उपचारांसाठी रांगेत असलेल्या ९९ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास स्त्रियांना सहा आठवडे मार्गदर्शकासह ऑनलाइन उपचार मिळाले. त्यांची संबंधाच्या वेळची वेदना कमी झाली आणि दुखणं असतानाही आपलं आयुष्य चालू ठेवण्याची तयारी वाढली.

पण मला स्वीडनच्याही आधी आठवतात र. धों. कर्वे. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत मुंबईतून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांनी लैंगिक प्रश्न लिहून पाठवायचे आणि कर्व्यांनी छापून उत्तर द्यायचं. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. खटला हरले, दंड भरावा लागला, मासिक मात्र चालूच राहिलं. समोरासमोर जे विचारता येत नाही ते लिहून विचारता येतं, आणि विचारणाऱ्याला माणूस समजून उत्तर देता येतं, हे मराठीत तेव्हाच घडलं होतं. फार काय, आपल्या भाषेत त्या अवयवाला शिवी आहे, संस्कृत शब्द आहे. बाईनं डॉक्टरांसमोर सहज उच्चारावा असा शब्द नाही. म्हणून आम्ही ‘तिथं’ म्हणतो. ‘तिथं’ म्हणणाऱ्या बाईला लिहिण्याची वाट फार मोठा आधार आहे.

दुखणं पूर्ण गेलं असं सांगणार नाही. पण सांगली ते पुणे एसटीत मी आता उशी न घेता बसते. दुखलंच तर काय करायचं ते वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी पुस्तक परत करायला आली आणि काउंटरशी घुटमळत राहिली. "मॅडम, एक विचारायचं होतं..." म्हणाली आणि थांबली. मी तिच्यापुढे कोरा कागद आणि पेन सरकवलं.