हवेच्या नळ्या आणि मुरलेली धग

चोर्ला घाट चढून आलेली टर्बो स्पोर्ट्स कार अनगोळच्या रेल्वे गेटपाशी थांबली, की समोरचा वारा तुटतो. इंजिनाची धग मात्र हवेच्या नळ्यांत आणि इंटरकूलरमध्ये मुरत राहते. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेल्यास त्याच दाबाला तिची घनता सुमारे ९ टक्के घटते. प्राणवायूही तितकाच कमी मिळतो. महागडी सिलिकॉन नळी दाबाखाली रबराइतकी फुगत नाही, लवकर तडकतही नाही. पण ती हवा थंड करीत नाही. शिवाय तेलाच्या वाफेने साधे सिलिकॉन मऊ पडते, म्हणून आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर लागतो. उष्णतेवरचा उपाय तुलनेने स्वस्त आहे: हवा बॉनेटबाहेरून घ्यावी, एक्झॉस्टलगत उष्णतारोधक पत्रा बसवावा. गेट उघडताच ॲक्सिलरेटर दाबू नये. वारा लागेपर्यंत गाडी सावकाश न्यावी.