फुरशाचे भक्ष्य : कोश, नोंदी आणि विष

पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेला असून मांजरा नदी तेथेच उगम पावते. मुरमाड जमीन, सुटे दगड व खुरटी झुडपे यांचा हा मुलूख फुरशाला मानवणारा आहे. दीड-दोन फुटांचा हा विषारी साप काय खाऊन जगतो, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा असला तरी त्याच्या उत्तराचा इतिहास शब्दकोशांपासून सुरू होतो.

अमरकोशात सापाला 'पवनाशन' हा पर्याय दिलेला आहे. साप आठवडेच्या आठवडे अन्नावाचून राहू शकतो. तो वाऱ्यावर जगतो ही समजूत त्यातूनच रुजली असावी. नागपंचमीने पुढे तीत दुधाची भर घातली. त्याच कोशात मोराला मात्र 'भुजंगभुक्' म्हटले आहे, आणि हे निरीक्षण यथार्थ आहे. पाटोदा तालुक्यातच, नायगाव येथे, १९९४ मध्ये मयूर अभयारण्य घोषित झाले. मोर दिवसाढवळ्या खातो, म्हणून त्याला नाव खरे मिळाले. साप रात्री दगडाआड खातो, म्हणून त्याच्या वाट्याला वारा आला, असे म्हणावयास हरकत नाही.

'फुरसे' हा शब्द भक्ष्याविषयी काहीच सांगत नाही. करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून हा साप जो आवाज काढतो, त्याच्याशी या शब्दाचे साम्य आहे. पण केवळ साम्यावर व्युत्पत्ती उभारणे धोक्याचे. हाच शब्द पुढे 'फूर्सा' या रूपाने इंग्रजी ग्रंथांत गेला. १८६२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात बक्षिसाची रक्कम वाढविताच आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणली गेली. मेलेले साप एककापर्यंत मोजणाऱ्या त्या आकड्यात त्यांच्या पोटातील अन्नाला स्थान नव्हते.

ते अन्न म्हणजे विंचू, गोमा, मोठे कीटक, तसेच बेडूक, पाली व लहान उंदीर. समुद्रातील निळ्या वलयांचा विषारी अष्टपाद जसा मुख्यतः खेकडे व कोळंबीवर जगतो, तसाच फुरशाच्या आहारातही संधिपाद प्राण्यांचा वाटा मोठा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात असे आढळले की, या कुळातील ज्या जाती संधिपाद प्राणी अधिक खातात, त्यांचे विष विंचवांना अधिक मारक असते. विष, निदान काही अंशी, भक्ष्याने घडविले आहे.

याचा संबंध थेट शेतमजुराच्या जिवाशी पोहोचतो. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते, आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा सर्पपकड्यांच्या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीचे विष प्रदेशपरत्वे बदलते, हे घोणशीवरील अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. पाटोद्याच्या रानात रात्री पाणी देताना दंश झालेल्या माणसाला जे औषध टोचले जाते, ते बहुधा दूरच्या, वेगळ्या भक्ष्यावर पोसलेल्या सापांच्या विषावर बेतलेले असते.