कंडेम खुर्ची

फौजेत खुर्ची कशी मरते, हे ज्याने कधी स्टोअरचा चार्ज घेतलाय त्याला विचारा. आधी पाय हलतो, मग वेत सुटतो, मग ती गोदामाच्या मागच्या भिंतीला जाते. पुढे बोर्ड बसतो, 'दुरुस्ती परवडणारी नाही' असा शेरा पडतो, लेजरमधून एक नग वजा होतो आणि लिलावात कुणीतरी ढिगाच्या भावाने उचलून नेतो. सध्या माझी पोस्टिंग चंडीमंदिरला आहे. इथून अर्ध्या तासावरच्या चंडीगडमध्ये अशाच पद्धतीने, अगदी नियमाला धरून, आधुनिक कलेचा एक मोठा ठेवा भंगारात गेला. त्याची ही हकीकत.

1947 मध्ये लाहोर सीमेपलीकडे गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला. 1950 च्या ऑगस्टमध्ये नोविकी विमान अपघातात गेला. मग थापर नावाचे आयसीएस अधिकारी आणि मुख्य अभियंता वर्मा युरोपात वास्तुविशारद शोधत फिरले आणि पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या दारात पोचले. हा बडा माणूस वर्षातून दोनदा यायला कबूल झाला. रोज साईटवर थांबायला मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज जोडपं, आणि कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे. जोडपं तीन वर्षांनी परतलं. जानरे मात्र 1951 ते 1965 इथेच राहिला. शहर कॉर्बुझिएच्या नावावर आहे, पण टेहळणीला येणारा कमांडर वेगळा आणि ठाण्यावर राहणारा वेगळा, हा फरक आपल्याला नवा नाही.

या दोघा भावांचं जुनं नातं सरळ नव्हतं. पॅरिसमध्ये त्यांचा एकत्र स्टुडिओ होता. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शार्लोट पेरियाँबरोबर स्टीलच्या नळ्यांचं जे फर्निचर केलं, ते आजही आधुनिक डिझाइनच्या पुस्तकांत असतं. महायुद्धात फाटाफूट झाली. कॉर्बुझिए जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारकडे काम मागत राहिला आणि जानरे प्रतिकार चळवळीत गेला. पुन्हा एकत्र आले ते पंजाबच्या मोकळ्या माळावर.

इथे स्टीलच्या नळ्यांची चैन नव्हती. आणि गरज तर प्रचंड. हायकोर्ट, सचिवालय, विधानसभा, विद्यापीठ, वसतिगृहं, मुख्यमंत्र्यांपासून चपराशापर्यंत दर्जावार सरकारी क्वार्टर्स. इमारत उभी राहील, पण बाबू बसणार कशावर? जानरे आणि त्याच्या हाताखालच्या भारतीय वास्तुविशारदांनी सागवान आणि वेत घेतला. सागाला कीड सहसा लागत नाही, वेतातून हवा खेळते, जूनच्या उन्हात घामेजलेल्या पाठीला हे कळतं. दोन्ही गोष्टींचे कारागीर हाताशी होते. कंपासासारखे उलट्या 'व्ही'चे पाय ही या खुर्चीची खूण. आकार साधा, कारण तो गावोगावच्या सुताराला जमायला हवा होता. वेत फाटला तर नवा विणा, पाय ढिला झाला तर ठोका. माझ्या मते या शहरातलं सर्वांत प्रामाणिक डिझाइन हेच. काँक्रीटचे भव्य खांब पाहून मान दुखते, खुर्चीत बसून मात्र पाठ दुखत नाही.

मग पन्नासेक वर्षांत घडायचं तेच घडलं. वेत सुटले, ऑफिसांत फिरत्या गाद्यांच्या खुर्च्या आल्या, आणि जुना माल गच्च्यांवर, जिन्यांखाली, मागच्या अंगणात ढीग होऊन पडला. बोर्ड बसले, लिलाव झाले. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून त्या लिलावांत परदेशी व्यापारी, विशेषतः फ्रेंच, दिसू लागले. त्यांनी चोरी केली नाही. बोली लावली, पैसे भरले, पावती घेतली, माल नेला. पॅरिसला पॉलिश केली, नवा वेत घातला, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत एकेका नगाला लाखांत रुपये मिळू लागले. शहराचा नकाशा कोरलेली गटाराची बिडाची झाकणंसुद्धा तिकडे विकली गेली.

गंमत (तिला गंमत म्हणायचं तर) पुढे आहे. या खुर्च्यांवर पांढऱ्या रंगाने खात्याचं नाव आणि नंबर टाकलेला असायचा, जसा आपल्याकडे टेबलापासून बादलीपर्यंत सगळ्यावर असतो. आज हाच ओबडधोबड नंबर अस्सलपणाचा पुरावा मानला जातो आणि त्याने किंमत वाढते. ज्या क्लार्कने तो रंगवला, त्याच्या लेखी तो फक्त स्टॉक-टेकिंगचा नंबर होता.

त्या क्लार्कला किंवा बोर्डाला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. बोर्डापुढे आलेल्या कागदावर 'खुर्ची, लाकडी, वेताची, मोडकी' एवढंच लिहिलेलं असतं. ती कुणी काढली, कधी बनली, तशा किती उरल्या, याचा रकानाच लेजरमध्ये नसतो. या न लिहिण्याचा फटका दुसरीकडेही बसला. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये बहुतेक सगळं जानरेच्या नावावर जातं. युली चौधरीसारख्या, त्या चमूत पहिल्यापासून असलेल्या भारतीय वास्तुविशारदाचा वाटा किती, यावर आता वाद घालावा लागतो. आणि ज्या सुतारांनी हजारोंनी नग बनवले, त्यांची नावं तर कॅटलॉगमध्ये कुठेच येत नाहीत.

2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने हे फर्निचर विकू नये असे आदेश दिले. मोजणी झाली, तेव्हा वारसा म्हणून जपावेत असे साडेबारा हजारांहून जास्त नग शहरात शिल्लक निघाले, म्हणजे सगळं गेलेलं नव्हतं. 2013 मध्ये एमी सीगल या अमेरिकन कलावतीने या खुर्च्यांचा उलटा प्रवास चित्रपटात दाखवला: श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून लिलावगृहात, तिथून जहाजात, आणि शेवटी चंडीगडच्या ऑफिसात. मग तो चित्रपटच लंडनमध्ये लिलावाला निघाला.

जानरे 1965 मध्ये आजारी होऊन परतला आणि 1967 मध्ये जिनिव्हात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा भाचीने इथे आणून सुखना तलावात सोडली. सेक्टर 5 मधलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. 2016 मध्ये युनेस्कोने कॅपिटॉलच्या इमारतींना जागतिक वारसा ठरवलं.

खुर्च्या मात्र कायद्याच्या बाहेरच आहेत. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू किमान शंभर वर्षांची लागते. हायकोर्टाचं उद्घाटन 1955 मध्ये झालं. तिथे पहिल्या दिवशी मांडलेली खुर्ची 2055 मध्ये त्या कायद्यात बसेल. तोवर परदेशात तिचा लिलाव होतोय असं दिसलं, तर ती चोरीला गेली होती हे सिद्ध करावं लागतं. आणि जिची लिलावाची पावती आहे, तिच्याबाबत तेही करता येत नाही.