बोटीवरचा पेग : कर माफ, भाव नाही

गेल्या विकांताला आमच्या इंदिरानगरच्या कट्ट्यावर वाद पेटला. एक मित्र मुंबई-गोवा क्रूझ करून आला होता. समुद्र, सूर्यास्त, डेकवरचा डीजे हे सगळं सोडून साहेब फक्त बारच्या बिलावर बोलत होते. "अरे, भर समुद्रात महाराष्ट्राचा टॅक्स कसला? तिथे तर ड्यूटी-फ्री भावात मिळायला पाहिजे ना?" प्रश्न रास्त होता. मग काय, दोन रात्री जागून जुने कायदे आणि निकाल वाचले, आणि बिलापेक्षा इतिहासच जास्त चढला.

आधी त्याचं उत्तर. आपल्या 1962 च्या कस्टम्स कायद्यात प्रत्येक जहाजाला एक फ्लॅग असतो (झेंडा नव्हे हो, आपल्या कोडमधला बूलियन). जहाज 'फॉरेन-गोइंग' आहे की नाही? भारतातल्या बंदरातून परदेशातल्या बंदरात चाललं असेल तर ट्रू, मग ते मध्ये आपल्याच दुसऱ्या बंदरात थांबलं तरी हरकत नाही. हा फ्लॅग ट्रू असेपर्यंत कलम 87 प्रमाणे आयात केलेला साठा ड्यूटी न भरता जहाजावर संपवता येतो. मुंबईहून गोव्याला जाणारी बोट मात्र 'कोस्टल', म्हणजे फॉल्स. तिच्यावरच्या विलायती बाटलीला ड्यूटी लागते, आणि ही ड्यूटी व्हिस्कीवर कित्येक वर्षं एकूण 150 टक्के होती. थोडक्यात, बोट किनाऱ्यापासून किती लांब आहे यापेक्षा ती कुठे चालली आहे याला महत्त्व. 2023 साली कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' चेन्नईहून श्रीलंकेला जायला लागली तेव्हा जहाज तेच होतं आणि ग्लासही तेच, फक्त फ्लॅग पलटला.

आता यातली खरी गंमत बघा. 19 डिसेंबर 1961 च्या आधी पणजी हे आपल्या दृष्टीने परदेशी बंदर होतं. पोर्तुगीज राज्य! म्हणजे ज्या मुंबई-गोवा प्रवासाला आज आपण घरच्या घरी समजतो, तो तेव्हा परदेशगमन होता. आणि त्याच काळात मुंबई राज्यात कडक दारूबंदी होती. एका टोकाला बंदी आणि दुसऱ्या टोकाला फेणी, अशी ती सागरी वाट.

ही दारूबंदी काही एका दिवसात आली नाही. मुंबई शहरात पहिला प्रयोग 1 ऑगस्ट 1939 ला झाला, बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ असताना. खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. ते मंत्रिमंडळ काही महिन्यांत गेलं आणि प्रयोगही बारगळला. 1946 मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले, गृहखातं मोरारजीभाईंकडे आलं, आणि 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. एप्रिल 1950 पासून पूर्ण बंदी! पण याच कायद्यात कलम 39 होतं. सरकारला वाटलं तर मालवाहू जहाजं, युद्धनौका, सैन्य नेणारी जहाजं आणि लष्कर-नौदलाच्या मेस-कँटीनमध्ये विदेशी मद्य पिऊ देता येईल, असं ते सांगायचं. साध्या प्रवाशाच्या बोटीचं नाव त्या यादीत नाही. कोकणात गणपतीला चाललेल्या चाकरमान्याचा विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

या कायद्याविरुद्ध फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांनी मागितलेल्या वस्तूंची यादी वाचण्यासारखी आहे. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बियर, औषधी वाइन आणि चक्क ओ-द-कोलोन. कारण कायद्यात अल्कोहोल असलेलं अत्तर आणि औषधसुद्धा 'दारू' ठरत होतं! 25 मे 1951 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. औषधं आणि प्रसाधनांवरची बंदी उडाली, बाकी कायद्याचा मोठा भाग टिकला. समानतेच्या मुद्द्यावरून कलम 39 वरही हल्ला झाला होता, पण ते वाचलं. सैनिकांची शिस्त वेगळी, त्यांची राहणी वेगळी, म्हणून त्यांचा वेगळा वर्ग करता येतो, असा कोर्टाचा सूर होता. कायदा म्हणून हे पटतं. पण व्यवहारात ज्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि परमिट मिळवता येई त्याची सोय होई, आणि ज्याला नाही मिळत तो हातभट्टीकडे वळे. 1960 च्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी ढिली झाली, पण कायदा अजून पुस्तकात आहे. आपल्याकडे प्यायला आजही परमिट लागतं. एका दिवसाचं विदेशी मद्याचं पाच रुपयांना आणि आयुष्यभराचं हजाराला मिळत आलंय. कट्ट्यावर विचारलं, कोणाकडे आहे? कोणाकडेच नव्हतं :)

हा घोळ फक्त आपलाच नाही. अमेरिकेत 1920 ला दारूबंदी आली आणि बोटीचं काय करायचं हा प्रश्न थेट त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेला. 1923 च्या क्युनार्ड विरुद्ध मेलन खटल्यात निकाल असा लागला, की अमेरिकन जहाजाला समुद्रात दूर गेल्यावर दारू विकता येईल, पण किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत परदेशी जहाजावर सीलबंद बाटलीसुद्धा चालणार नाही. आता इंग्लंडहून न्यूयॉर्कला येणाऱ्या बोटीने परतीच्या प्रवासाची दारू ठेवायची कुठे? शेवटी 1924 साली ब्रिटनशी तह झाला. सील करून आणा, आम्ही हात लावत नाही. त्या बदल्यात संशयित जहाज किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरापर्यंत तपासायची मुभा अमेरिकेने घेतली. अंतर मैलांत नाही, तासांत! स्पेसिफिकेशन लिहिताना युनिट असं बदललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच्याही आधी जहाजावर दारूला भावच नव्हता, ती रेशन होती. ब्रिटिश नौदलात खलाशाला रोजची बियर मिळायची. उष्ण समुद्रात बियर टिकेना, म्हणून पूर्वेकडे अरॅक आणि वेस्ट इंडीजकडे रम आली. 1740 मध्ये ॲडमिरल व्हर्नननी रममध्ये चौपट पाणी घालायचा हुकूम काढला, तेच ते 'ग्रॉग'. हे रेशन बंद व्हायला 31 जुलै 1970 उजाडलं. हिंदुस्थानात साहेबांना आणणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर सुरुवातीच्या काळात वाइन आणि बियर तिकिटातच धरलेली असे. म्हणजे न पिणारा माणूस शेजाऱ्याच्या ग्लासाचे पैसे भरायचा.

हसू नका, तेच आज परत आलंय. 1966 साली मायामीतून 'सनवर्ड' निघाली आणि आजच्या क्रूझ धंद्याची सुरुवात झाली. हळूहळू कंपन्यांच्या लक्षात आलं की तिकीट स्वस्त ठेवायचं आणि पैसे आत काढायचे. आज मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या उत्पन्नातला तीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा तिकिटाबाहेरचा असतो आणि बार त्यातला मोठा भाग. मग 'ड्रिंक पॅकेज' आलं. कार्निवलमध्ये दिवसाला 15 मद्याचे ग्लास ही मर्यादा, आणि एकाने पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. घरून बाटली नेऊ म्हणाल तर स्पिरिट चढताना काढून घेतात, वाइनची एखादी बाटली चालते, आणि ती हॉलमध्ये उघडली की वर कॉर्केज.

म्हणून मित्राला म्हटलं, तू भांडतोयस ते चुकीच्या माणसाशी. फॉरेन-गोइंग बोटीवर सरकारने ड्यूटी सोडली तरी ती तुझ्या खिशात येईलच असं नाही. समुद्रात एकच दुकान असतं, तिथे शेजारच्या वाइन शॉपचा भाव विचारायची सोय नसते. मॉनोपॉली, बस्स. आपल्या नाशिकच्याच वाइनचं बघा ना. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला राज्याने उत्पादन शुल्क माफ केलं. द्राक्षवाल्या शेतकऱ्याला आधार मिळावा हा त्यामागचा हेतू. पण ती बाटली बोटीवरच्या मेन्यूत गेली की भाव मेन्यू छापणारा ठरवतो. वरच्या किमतीतलं काहीही बागेपर्यंत परत येत नाही.

यावर तो म्हणाला, "मग पुढच्या वेळी श्रीलंका?" जा बाबा, फक्त बुकिंग करताना पॅकेजची अट नीट वाच. बायको पीत नाही तुझी.