खेळाडूचे ऋण : अंशुमन गायकवाड यांच्या आजारपणाच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना इतिहास हा विषय जितका प्रिय होता तितकेच क्रिकेटही प्रिय होते. इतिहासाच्या तासाला सनावळी चुकलेल्या मुलाला ते क्षमा करीत. परंतु विजय हजाऱ्यांच्या धावा चुकल्या तर करीत नसत. म्हणून आजचा विषय बडोद्याच्या क्रिकेटमधून निवडताना मला संकोच वाटला नाही. संकोच वाटला तो निराळ्या कारणाने. हा विषय एका दुःखद प्रसंगातून सुचला आहे, आणि त्या प्रसंगी मी स्वतः काही केले नाही, हे आरंभीच सांगून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

२०२४ सालच्या जुलै महिन्यात वर्तमानपत्रांतून एक वार्ता आली. भारताचे माजी सलामीचे फलंदाज आणि माजी प्रशिक्षक, आपल्या बडोद्याचे अंशुमन गायकवाड यांना रक्ताचा कर्करोग झाला असून लंडनमधील उपचारांसाठी त्यांना द्रव्यसाहाय्याची गरज आहे, अशी ती वार्ता होती. जुलैच्या आरंभी संदीप पाटील यांनी आपल्या वृत्तपत्रीय स्तंभातून ही गोष्ट उघड केली. त्यांनी आणि दिलीप वेंगसरकर यांनी क्रिकेट नियामक मंडळाकडे शब्द टाकला. पुढे कपिल देव यांनी जाहीर आवाहन केले. सुनील गावसकर, मोहिंदर अमरनाथ, मदनलाल, रवी शास्त्री, कीर्ती आझाद हे जुने सहकारी निधीसाठी धडपडत असल्याचे त्यांनी सांगितले. कुटुंबाची अनुमती असेल तर आपण आपले निवृत्तिवेतनही देऊ, असे ते म्हणाले. १४ जुलैला मंडळाने एक कोटी रुपये तत्काळ देण्याचे जाहीर केले. ३१ जुलैला अंशुमन गायकवाड बडोद्यातच निवर्तले. वय ७१.

मदत जाहीर झाल्यापासून मृत्यूपर्यंत सतरा दिवस गेले. त्या सतरा दिवसांनी मला अस्वस्थ केले. मदत आली नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. ती आली, आणि मनापासून आली. प्रश्न असा की, ज्याने देशासाठी चाळीस कसोटी सामने खेळले त्याच्या आजारपणात मित्रांना हाक का द्यावी लागली? या प्रश्नाचे उत्तर एका व्यक्तीच्या किंवा एका मंडळाच्या वर्तनात शोधू गेल्यास सापडणार नाही. ते इतिहासात शोधावे लागते, आणि त्यातील बराच इतिहास आपल्या शहरात घडलेला आहे.

बडोद्याचे क्रिकेट राजाश्रयाने वाढले. प्रतापसिंहराव महाराजांच्या काळात चांगला खेळाडू आढळला की त्याला संस्थानात आणावे, पदरी ठेवावे आणि निश्चिंतपणे खेळू द्यावे, अशी रीत होती. विजय हजारे जन्माने सांगलीचे. परंतु कीर्तीने ते बडोद्याचे झाले ते या आश्रयामुळे. १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी याच शहरात चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजाऱ्यांच्या २८८ आणि गुल महंमदांच्या ३१९. तो विश्वविक्रम २००६ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे अबाधित राहिला. पलीकडे इंदूरच्या होळकर महाराजांनीही कर्नल सी. के. नायडू आणि इतर गुणी खेळाडू असेच जमविले होते. तो सामना एका अर्थी दोन मराठी दरबारांचा सामना होता.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. राजाची मर्जी हा कोणाचा हक्क नसतो. ती फिरली की आश्रयही जातो. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आश्रित खेळाडूच्या पोटाची, निवाऱ्याची आणि दुखण्याखुपण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या काळी अनुत्तरित नव्हता.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. खेळ लोकांचा झाला, आणि ते योग्यच झाले. परंतु राजाने उचललेला भार लोकांनी कसा उचलावा, याचा विचार कोणी केला नाही. गायकवाड कुटुंबाची कथा नेमकी या सांध्यावर सुरू होते.

अंशुमन यांचे वडील दत्ताजीराव यांनी ११ कसोटी सामने खेळले आणि १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे नेतृत्व केले. त्या दौऱ्याचे व्यवस्थापक फत्तेसिंहराव महाराज होते. म्हणजे कर्णधार आणि व्यवस्थापक दोघेही बडोद्याचे. त्यापूर्वी १९५७-५८ मध्ये दत्ताजीरावांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने रणजी करंडक जिंकला होता. अंशुमन यांचा जन्म २३ सप्टेंबर १९५२ चा. म्हणजे ते राजाश्रय संपल्यानंतरच्या पिढीचे. या पिढीतील खेळाडू सामन्याच्या तुटपुंज्या मानधनावर आणि एखाद्या बँकेतील किंवा कारखान्यातील नोकरीवर संसार करीत. खेळ थांबला की नोकरी तेवढी उरे.

१९८३ साली विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस देण्याइतका पैसा मंडळाच्या तिजोरीत नव्हता, हे आजच्या विद्यार्थ्यांना खरे वाटणार नाही. त्यासाठी लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. लोकाश्रय म्हणतात तो हा. तो उदार होता, पण प्रासंगिक होता. कोणीतरी गावे, कोणीतरी आवाहन करावे, तेव्हा तो जागा होई.

आता अंशुमन गायकवाड यांनी या खेळाला काय दिले ते पाहू. धावा सांगितल्या तर १,९८५, सरासरी तिसाच्या किंचित वर, शतके दोन. या आकड्यांवरून त्यांची योग्यता कळत नाही. ती कळते १९७६ च्या एप्रिल महिन्यातील किंग्स्टनच्या सामन्यावरून.

त्याआधीच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत भारताने चौथ्या डावात चार गडी गमावून ४०६ धावा काढल्या आणि सामना जिंकला. दुखावलेल्या क्लाइव्ह लॉईडने सबायना पार्कवर होल्डिंग, डॅनियल, ज्युलियन आणि होल्डर असे चार वेगवान गोलंदाज उतरविले. शिरस्त्राणे तेव्हा नव्हती. गावसकर-गायकवाड जोडीने १३६ धावांची सलामी दिली. गावसकर गेल्यावर विश्वनाथ यांचे बोट मोडले, ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर चेंडू बसला, आणि शरीरावर चेंडूंचे प्रहार झेलीत चष्मा लावलेला हा तेवीस वर्षांचा तरुण उभाच राहिला. तो ८१ धावांवर असताना होल्डिंगचा चेंडू त्याच्या कानापाशी बसला आणि त्याला थेट रुग्णालयात न्यावे लागले. कानाच्या त्या दुखापतीसाठी पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. बिशनसिंग बेदी यांनी ६ बाद ३०६ वर डाव सोडला. दुसऱ्या डावाच्या धावफलकात भारताच्या ९७ धावा आहेत आणि पाच नावांपुढे ‘जखमी, अनुपस्थित’ अशी नोंद आहे.

मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. तो धावफलक मी वर्तमानपत्रात वाचला आणि तो मुद्रणदोष असावा असे मला वाटले. वडिलांनी समजावून सांगितल्यावर माझा विश्वास बसला.

त्या सामन्यातील प्रेक्षकांविषयी गावसकरांनी ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात अत्यंत कडक शब्दांत लिहिले आहे. फलंदाजाला चेंडू लागला की तेथे जल्लोष होत होता. मला ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावयाची आहे, कारण प्रेक्षक म्हणजे केवळ प्रेमळ समुदाय अशी आपली भाबडी समजूत असते. ज्या समुदायाला जखमेवर टाळ्या पिटता येतात त्यालाच जखमी माणसासाठी रडताही येते. दोन्ही भावना खऱ्या असतात. मात्र दोन्ही क्षणिक असतात, आणि क्षणिक भावनेवर कोणाच्या आजारपणाचा भार टाकता येत नाही.

१९८३ च्या सप्टेंबरात जालंधरला पाकिस्तानविरुद्ध गायकवाडांनी २०१ धावा काढल्या. ६७१ मिनिटे ते खेळपट्टीवर होते. त्या वेळी ते प्रथम श्रेणीतील सर्वांत संथ द्विशतक ठरले. लोकांनी त्याची थट्टा केली, मीही केली. आज वाटते, अकरा तासांहून अधिक काळ चित्त विचलित न होऊ देणारा माणूस थट्टेचा विषय नसतो. पुढे १९९७ ते १९९९ या काळात ते भारताचे प्रशिक्षक होते. १९९८ मधील ऑस्ट्रेलियावरील मालिकाविजय आणि शारजाचा विजय, तसेच १९९९ च्या फेब्रुवारीत दिल्लीस कुंबळे यांनी एकाच डावात घेतलेले दहा बळी, हे सारे त्यांच्याच कारकिर्दीत घडले. त्यांच्यानंतर प्रशिक्षकपद कपिल देव यांच्याकडे गेले आणि २००० साली पुन्हा गायकवाडांकडे आले. त्याच कपिल देव यांनी पुढे त्यांच्यासाठी हाक दिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता तुलनेसाठी दुसरे उदाहरण घेतो. २०११ च्या विश्वचषकात युवराज सिंग यांनी ३६२ धावा काढल्या, १५ बळी घेतले आणि ते स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्या स्पर्धेत ते खोकत होते, त्यांना रक्त पडत होते. छातीतील अर्बुद कर्करोगाचे आहे हे पुढे निष्पन्न झाले आणि २०१२ च्या आरंभी अमेरिकेत त्यांच्यावर उपचार झाले. साऱ्या देशाने त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या. ११ सप्टेंबर २०१२ रोजी चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध ते पुन्हा मैदानात उतरले तेव्हा प्रेक्षकांनी केलेले स्वागत ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. भारत तो सामना एका धावेने हरला, पण त्या दिवशी हरल्याचे दुःख फारसे कोणाला झाले नाही.

युवराज यांच्या वाट्याला आलेले प्रेम खोटे नव्हते. परंतु ते एका डोळ्यांसमोरच्या वीराला मिळाले. गायकवाडांचा शेवटचा कसोटी सामना १९८४ च्या अखेरचा. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिले ते आज साठीच्या पुढचे आहेत. २९ जून २०२४ ला भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. मंडळाने संघाला १२५ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. ४ जुलैला मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर स्वागताला जनसागर लोटला. त्याच दिवसांत एक जुना फलंदाज मृत्यूशी झुंजत होता आणि त्याचे मित्र निधीसाठी शब्द टाकीत होते. विजेत्यांचा सन्मान चुकीचा होता असे मी म्हणत नाही. खेळापाशी पैसा नाही ही १९८३ ची सबब मात्र २०२४ मध्ये उरली नव्हती, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

मंडळाने काही केलेच नाही असेही नाही. माजी खेळाडूंना निवृत्तिवेतन मिळते. २०२२ मध्ये त्यात वाढ होऊन माजी कसोटीपटूंचे मासिक वेतन ३७,५०० वरून ६०,००० आणि ५०,००० वरून ७०,००० रुपये झाले. चरितार्थाला ते पुरेल. परदेशातील कर्करोगाच्या उपचारांना ते पुरत नाही, हे सांगण्यास गणिताचे शिक्षक लागत नाहीत. कपिल देव यांनी नेमके यावरच बोट ठेवले. अशा प्रसंगांसाठी काही व्यवस्था नाही, एखादा न्यास असावा, असे त्यांचे म्हणणे होते. राजाश्रय गेला, लोकाश्रय प्रासंगिक राहिला आणि बाजाराने केवळ वर्तमानकाळाकडे पाहिले. या तिहींच्या मधल्या रिकाम्या जागेत गायकवाडांची पिढी सापडली.

बडोद्याला याचा आधीही अनुभव आला होता. विजय हजारे यांचे २००४ च्या डिसेंबरात याच शहरात कर्करोगाच्या दीर्घ आजाराने निधन झाले. २०१८ च्या अखेरीस, ज्यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने २०००-०१ चा रणजी करंडक जिंकला ते जेकब मार्टिन अपघातात गंभीर जखमी झाले, तेव्हाही उपचारांसाठी अशीच हाक द्यावी लागली होती. प्रत्येक वेळी हाक, प्रत्येक वेळी धावपळ. दरम्यान शिकलेला धडा आपण विसरून जातो.

२०२४ हे वर्ष गायकवाड घराण्याला कठीण गेले. १३ फेब्रुवारीला दत्ताजीराव ९५ व्या वर्षी गेले. हयात भारतीय कसोटीपटूंत ते तेव्हा वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. साडेपाच महिन्यांत मुलगाही गेला. वडिलांच्या निधनाची बातमी वाचून मी हळहळलो होतो. मुलाची चौकशी करावी असे मात्र माझ्या मनात आले नाही. ज्या मोतीबागेत मी त्यांना फलंदाजी करताना पाहिले होते, तिच्यावरून माझे जाणेयेणे सुरूच होते. कपिल देव यांचे आवाहन वाचले तेव्हा दोन-चार मित्रांशी बोलू, काही जमवू, असे मी ठरविले. आणि ठरविण्यातच ते सतरा दिवस गेले. माझ्यासारखे या शहरात पुष्कळ असतील. आम्ही कृतघ्न नव्हतो. आमची कृतज्ञता कोणी जागे करील याची वाट पाहत होती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातून एकच निष्कर्ष काढता येतो. कृतज्ञतेला व्यवस्थेचे रूप दिल्याशिवाय ती वेळेवर पोहोचत नाही. खेळाडू आजारी पडण्यापूर्वी निधी असावा, त्याच्या कुटुंबाला मागावे लागू नये, आणि तो प्रसिद्ध आहे की विस्मृतीत गेला आहे यावर त्याची रक्कम ठरू नये. हे काम मोठ्या मंडळाचे आहे तसे लहान संस्थांचेही आहे. या शाळेच्या मैदानावर खेळून पुढे गेलेले किती खेळाडू आज कोठे आणि कोणत्या स्थितीत आहेत, याची एक वही विद्यार्थ्यांनी या वर्षापासून ठेवावी, अशी माझी विनंती आहे. वर्षातून एकदा त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करावी. त्याला फारसा पैसा लागत नाही.

गुरुजी असते तर त्यांनी मला प्रथम ६७१ मिनिटांचे तास करावयास सांगितले असते. अकरा तास अकरा मिनिटे. इतका वेळ एक मनुष्य आपल्यासाठी उभा होता. आपण त्याच्यासाठी किती वेळ उभे राहिलो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.