संपलेल्या मालिकांची पुन्हा भेट
लाडकी पात्रे परतली की प्रेक्षक धावत येतात. मग समाधानाने का परतत नाहीत?

एखादी विनोदी मालिका संपून दहा-पंधरा वर्षे लोटलेली असतात. तिची पात्रे घरोघरी कुटुंबातल्या माणसांसारखी आठवली जात असतात. अशा वेळी 'ती सारी मंडळी पुन्हा एकत्र येत आहेत' अशी बातमी येते आणि रसिकांत उत्साहाची लाट उसळते. प्रत्यक्ष भेट झाल्यावर मात्र सूर बदलतो. काहींचे डोळे पाणावतात, काही जण 'ती मजा आता राहिली नाही' असे म्हणतात, तर काहींना ही भेट झाली नसती तर बरे झाले असते, असे वाटते. गेल्या साठ वर्षांत ब्रिटन, अमेरिका आणि आपल्याकडेही अशा भेटी वारंवार घडल्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्या, तर प्रेक्षकांच्या या संमिश्र प्रतिक्रियेमागे एक ठळक सूत्र दिसते. प्रेक्षकांची ओढ पात्रांकडे असते हे खरे; पण त्या पात्रांना मिळालेला शेवटही त्यांनी स्वतःजवळ जपून ठेवलेला असतो. त्या शेवटाला धक्का लागला की प्रेमाचे रूपांतर तक्रारीत होते.

सुखाचा शेवट आणि त्यानंतर...

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बीबीसीची 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही मालिका. जॉन सलिव्हन यांनी लिहिलेली ही मालिका १९८१ मध्ये सुरू झाली. लंडनच्या पेकहॅम भागातील एका उंच सरकारी इमारतीत राहणारे डेल आणि रॉडनी ट्रॉटर हे दोन भाऊ, त्यांचे आजोबा आणि आजोबांनंतर आलेले अल्बर्टकाका, असे हे कुटुंब. तीनचाकी पिवळ्या गाडीतून नाना प्रकारचा संशयास्पद माल विकायचा आणि पुढच्या वर्षी आपण नक्की लक्षाधीश होणार, असे स्वप्न पाहायचे, हा डेलचा उद्योग. डेव्हिड जेसन आणि निकोलस लिंडहर्स्ट यांनी या भावांना अजरामर केले.

१९९६ च्या नाताळात तीन भागांत ही कथा संपवण्यात आली. २९ डिसेंबरच्या अखेरच्या भागात ट्रॉटरांच्या अडगळीत पडून राहिलेले एक जुने घड्याळ जॉन हॅरिसन या विख्यात घड्याळजींच्या हातचे निघते आणि लिलावात त्याला ६२ लाख पौंड मिळतात. पंधरा वर्षे हुलकावणी देणारे स्वप्न अखेर खरे होते. दोघे भाऊ आणि अल्बर्टकाका मावळतीच्या दिशेने चालत जातात. हा भाग सुमारे २ कोटी ४३ लाख प्रेक्षकांनी पाहिला. ब्रिटिश विनोदी मालिकांच्या इतिहासातील हा विक्रम मानला जातो.

पाच वर्षांनी, २५ डिसेंबर २००१ रोजी, ट्रॉटर परतले. पण श्रीमंत माणसांवर ही मालिका चालणार कशी? तिचा सारा विनोद उभा होता तो पैशाच्या चणचणीवर. म्हणून मध्य अमेरिकेतील बाजार कोसळल्याचे दाखवून लेखकाने त्यांची संपत्ती काढून घेतली आणि दोघांना पुन्हा पेकहॅमच्या त्याच घरात आणून बसवले. अल्बर्टकाका साकारणारे बस्टर मेरीफील्ड १९९९ मध्ये निवर्तले होते, त्यामुळे कथेतही काकांचा मृत्यू दाखवावा लागला. पबचा मालक माइक साकारणारे केनेथ मॅक्डोनल्ड यांचेही २००१ च्या ऑगस्टमध्ये निधन झाले; माइक तुरुंगात गेल्याचे सांगून ती जागा भरावी लागली.

त्या रात्री सुमारे २ कोटी १३ लाख लोक दूरचित्रवाणीसमोर बसले. म्हणजे ओढ तसूभरही कमी झालेली नव्हती. २००२ च्या नाताळात ही संख्या सुमारे १ कोटी ७४ लाखांवर आणि २००३ मध्ये सुमारे १ कोटी ६४ लाखांवर आली. एरवी कोणत्याही मालिकेने अभिमानाने मिरवावेत असे हे आकडे आहेत. पण उतरण स्पष्ट आहे. 'त्या तिघांना मावळतीकडे जाऊ द्यायला हवे होते', ही त्या वेळी उमटलेली भावना अनेक ब्रिटिश रसिक आजही बोलून दाखवतात. विनोद फसले, ही तक्रार होतीच; पण मूळ दुखणे वेगळे होते. पंधरा वर्षे ज्यांच्या यशाची वाट पाहिली, त्यांना मिळालेले यश पाच वर्षांनी हिरावून घेतले गेले, हे प्रेक्षकांना रुचले नाही. प्रेक्षकसंख्येवरून किती लोक आले एवढेच कळते. ते काय मनात घेऊन उठले, हे त्या आकड्यांत दिसत नाही.

अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी

ज्या मालिकांचा शेवट अपुरा राहिला, त्यांच्या पुनर्भेटीचे स्वागत वेगळे झाले. अमेरिकेत 'गिलिगन्स आयलंड' ही निर्जन बेटावर अडकलेल्या सात जणांची मालिका १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये अचानक बंद पडली. सातही जण बेटावरच राहिले! पुढे पुनःप्रक्षेपणांतून ती पाहत मोठी झालेली एक पिढी त्यांच्या सुटकेची वाट पाहत होती. ऑक्टोबर १९७८ मध्ये 'रेस्क्यू फ्रॉम गिलिगन्स आयलंड' हा चित्रपट दोन भागांत दाखवण्यात आला, तेव्हा प्रेक्षकांची प्रचंड गर्दी झाली. सातांपैकी जिंजरची भूमिका करणारी मूळ अभिनेत्री टीना लुईस त्यात नव्हती, तरीही. सुटकेचे समाधान एकदा पदरात पडल्यावर शेवटी ती मंडळी पुन्हा त्याच बेटावर आदळली, हेही लोकांनी हसून घेतले.

त्याआधीचे आणि अधिक गंभीर उदाहरण ब्रिटनमधील आहे. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांच्या 'द लाइकली लॅड्स' (१९६४-६६) या मालिकेत न्यूकॅसलच्या कामगारवस्तीतील बॉब आणि टेरी या दोन मित्रांची कथा होती. शेवटी बॉब सैन्यात जायला निघतो, त्याच्या सोबतीसाठी टेरीही नाव नोंदवतो. पण सपाट तळव्यांमुळे बॉबला परत पाठवले जाते आणि बिचारा टेरी अडकतो. १९७३ मध्ये हे मित्र 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स?' या नव्या मालिकेत भेटले. टेरी सैन्यातून परततो, तेव्हा बॉबकडे कारकुनी नोकरी आणि नवे घर असते. त्याचे लग्न ठरलेले असते. जुने शहर पाडून नवे उभे राहत असते. मधल्या काळात काय गमावले, हाच या मालिकेचा विषय होता. ती मूळ मालिकेहून सरस मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पुनर्भेटीत जुनेच दिवस परत आणण्याचा अट्टहास तिने केला नाही. लोटलेली वर्षे तिने कथेतच घेतली, हे त्याचे कारण.

अलीकडच्या 'गॅव्हिन अँड स्टेसी'नेही हीच वाट धरली. इंग्लंडमधील एसेक्स आणि वेल्समधील बॅरी या दोन ठिकाणांच्या सोयरिकीची ही कथा २०१० मध्ये संपली होती. २०१९ च्या नाताळात ती मंडळी परतली, तेव्हा त्याच रात्री सुमारे १ कोटी १६ लाख लोकांनी तो भाग पाहिला. नेसा गुडघ्यावर बसून स्मिदीला मागणी घालते आणि त्याचे उत्तर येण्याआधीच भाग संपतो! हे उत्तर मिळायला २५ डिसेंबर २०२४ पर्यंत थांबावे लागले. त्या रात्रीची प्रेक्षकसंख्या १ कोटी २३ लाखांच्या घरात होती. जेम्स कॉर्डन आणि रूथ जोन्स या लेखकद्वयीने नेसा आणि स्मिदीचे लग्न लावून दिले आणि कथा आता खरोखरच संपल्याचे सांगितले. प्रेक्षकांनी हा निरोप मनापासून स्वीकारला. कारण त्यांच्याकडून काही काढून घेतले गेले नव्हते, उलट त्यांचे येणे असलेले त्यांना मिळाले होते.

पात्रांऐवजी कलाकार

हा धोका ओळखून काहींनी तिसराच मार्ग काढला. 'फ्रेंड्स' ही जगभर लाडकी झालेली मालिका ६ मे २००४ रोजी संपली. एकट्या अमेरिकेत तिचा शेवट ५ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता. सतरा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, सहा मित्र पुन्हा एकत्र आले, पण ते रॉस, रेचेल किंवा चँडलर म्हणून नव्हे. आले ते सहा कलाकार. जुन्या सेटवर फिरत, जुने प्रसंग वाचत त्यांनी आठवणी जागवल्या. फीबीची भूमिका करणाऱ्या लिसा कुड्रो यांनी या कार्यक्रमात नेमके मर्म सांगितले : मालिकेचा शेवट छान झाला आहे, सर्वांचे आयुष्य सुखात आहे, नवी कथा रचायची तर ते सारे उसवावे लागेल. ट्रॉटर बंधूंच्या बाबतीत जे घडले, ते हेच.

भारतात हा कार्यक्रम त्याच दिवशी झी ५ वर दाखवण्यात आला. आपल्याकडील शहरी प्रेक्षकांच्या प्रतिक्रियाही दुहेरी होत्या. सहा जणांना एकत्र पाहून गहिवरलेले पुष्कळ होते. पाहुण्या तारे-तारकांच्या गर्दीत त्यांचा वेळ वाया गेला, अशी कुरकुरही होती. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी चँडलर साकारणारे मॅथ्यू पेरी यांचे निधन झाले आणि मग त्याच कार्यक्रमाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सहाही जणांची ती अखेरची जाहीर भेट ठरली.

याच्या नेमका उलटा प्रयोग मराठीत झाला. झी मराठीवरील 'दिल दोस्ती दुनियादारी' ही तरुण मित्रमंडळींची मालिका २०१६ मध्ये संपल्यावर २०१७ मध्ये त्याच कलाकारांना घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' आली. मात्र पात्रे आणि कथा नवी होती. चेहरे ओळखीचे, नावे अनोळखी! जुन्या घरातील मंडळींच्या शोधात आलेल्या प्रेक्षकाला ही तडजोड करणे सोपे नव्हते. ही मालिका त्याच वर्षी संपली.

कफ परेडचे साराभाई

मुंबईकरांना सर्वांत जवळचे उदाहरण अर्थातच 'साराभाई व्हर्सेस साराभाई'चे. नोव्हेंबर २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका २००६ पर्यंत चालली. आतिश कपाडिया यांचे लेखन, देवेन भोजानी यांचे दिग्दर्शन आणि सतीश शाह, रत्ना पाठक शाह, सुमीत राघवन, रूपाली गांगुली व राजेश कुमार हा संच. कफ परेडमधील उच्चभ्रू माया आणि तिची 'मिडल क्लास' सून मोनिशा यांच्यातील खटके, त्यात तेल ओतणारे इंद्रवदन, मध्ये सापडलेला साहिल आणि रोशेशच्या कविता यांनी धमाल उडवली. पहिल्या प्रक्षेपणात मालिकेला लोकप्रियतेचे मोठे आकडे लाभले नव्हते. तिचा खरा चाहतावर्ग पुनःप्रक्षेपणांतून आणि नंतर इंटरनेटवरून वाढत गेला.

मे २०१७ मध्ये हॉटस्टारवर तिचे दुसरे पर्व आले. घोषणेच्या वेळचा आनंद अपूर्व होता. मोजकेच भाग येताच मात्र मतभेद सुरू झाले. पूर्वीचे हळूच बोचणारे टोमणे आता मोठ्या आवाजात येतात, पात्रे स्वतःचीच नक्कल करतात, असे अनेकांनी म्हटले. तर ओळखीची माणसे पुन्हा भेटली यातच आनंद मानणारेही होते.

या तक्रारीचे एक कारण स्मरणशक्तीच्या व्यवहारात आहे. मूळ मालिकेच्या जवळपास ७० भागांपैकी प्रेक्षकांच्या लक्षात राहिले होते ते निवडक प्रसंग, पुन्हा पुन्हा पाहून घासूनपुसून लखलखीत झालेले. त्या निवडीशी नव्या भागांची तुलना झाली आणि त्या स्पर्धेत कोणतेही नवे लेखन हरणारच होते. शिवाय मूळ मालिका घरच्यांच्या घोळक्यात पाहिलेली, तर दुसरे पर्व अनेकांनी एकट्याने मोबाइलवर पाहिले. हसण्याला सोबत लागते, हे विसरून चालत नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीच्या काळात स्टार भारतने मूळ मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा तक्रारीचा सूर उमटला नाही. भीतीच्या त्या दिवसांत ठाऊक असलेल्या विनोदावर पुन्हा हसण्यात लोकांना दिलासा वाटला. प्रेक्षकांना साराभाई अधिक हवे होते, की पूर्वीचेच पुन्हा हवे होते, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

हिशेब कोणता?

या साऱ्या अनुभवांचा मथितार्थ असा : शेवट अपुरा असेल तर पुनर्भेट ही परतफेड ठरते; शेवट पूर्ण असेल तर ती उसनवारी ठरण्याची भीती असते. मधली वर्षे मान्य करणारी पुनर्भेट प्रेक्षक स्वीकारतात, काही घडलेच नाही असे भासवणारी त्यांना खोटी वाटते. नव्या वाहिन्यांना आणि इंटरनेट सेवांना ओळखीचे नाव हे हमखास गिऱ्हाईक मिळवून देणारे भांडवल वाटते, म्हणून असे प्रयत्न यापुढेही होत राहतील. पहिल्या दिवशी गर्दी होईलच. पण तिच्यावरून प्रयत्नाची योग्यता ठरवू नये.

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी सतीश शाह यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत त्यांना अखेरचा निरोप देताना 'साराभाई'तील सहकाऱ्यांनी मालिकेचे शीर्षकगीत गायिले. त्याचे चित्रीकरण पाहून देशभरातील चाहते हेलावले. त्यात नवी कथा नव्हती, नवा विनोद नव्हता. इंद्रवदन आता परतणार नाहीत, एवढे साऱ्यांनी मान्य केले होते. २०१७ च्या पुनर्भेटीबद्दल भांडणाऱ्या चाहत्यांत या भेटीविषयी मात्र दुमत दिसले नाही.