सिमेंटची प्रजा

छंद हा शब्द आपल्याकडे थोड्या कौतुकाने आणि थोड्या हेटाळणीने उच्चारला जातो. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात करावयाची गोष्ट एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर सिमेंटच्या मूर्ती घडविण्याचा नेकचंद सैनी यांचा उद्योग हा छंदच म्हणावा लागेल. मात्र या छंदाला लागणारी जमीन सरकारची होती, आणि सरकारला त्याचा पत्ता सुमारे अठरा वर्षे नव्हता.

नेकचंद यांचा जन्म १९२४ सालचा, शकरगड तालुक्यातील एका खेड्यातला. फाळणीत ते खेडे पाकिस्तानात गेले आणि कुटुंब भारतात आले. लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. शिवालिकच्या पायथ्याशी चंदीगड उभे राहत होते, आणि तेथेच १९५१ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात या निर्वासित तरुणाला रस्ता-निरीक्षकाची जागा मिळाली. नव्या नगराचे शिल्पकार ल कॉर्बुझिए यांचे काँक्रीटवर अपार प्रेम. त्या काँक्रीटच्या रेखीव चौकोनांसाठी वीसांहून अधिक जुनी खेडी उठविण्यात आली. ज्याचे स्वतःचे गाव नकाशाच्या एका रेषेने हिरावून घेतले, त्याच्याच डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या गावांचे ढिगारे झाले. फुटक्या मडक्यांकडे आणि विटांच्या चुऱ्याकडे तो इतरांसारखा पाहू शकला नसेल, तर त्यात नवल नाही.

१९५७-५८ च्या सुमारास, कामावरून सुटल्यावर, सायकलवरून तो हे अवशेष सुखना तलावाजवळच्या एका घळीत नेऊ लागला. ही जमीन वनसंरक्षणासाठी राखलेली. तेथे काहीही बांधण्यास मनाई होती. रात्री जुने टायर पेटवून त्या उजेडात काम चाले. याच नगराच्या शिल्पकारांनी आपल्या आज्ञापत्रात व्यक्तींचे पुतळे नगरात उभारू नयेत असे बजावले होते. घळीतल्या मूर्ती कोणा थोर पुरुषाच्या नव्हत्या. तेव्हा तो दंडक मोडला असे कोणी म्हणू नये. मोडला तो वनखात्याचा.

सिमेंट हे मूर्तिकाराची कसोटी पाहणारे द्रव्य आहे. चिकणमातीप्रमाणे ते दिवसचे दिवस हाताखाली राहत नाही, आणि दगडाप्रमाणे वाटही पाहत नाही. पाणी पडले की काही तासांत त्याचा निर्णय होऊन जातो. घट्ट झाल्यावर मात्र त्याला पुन्हा ओल हवी असते. पहिले काही दिवस पाणी मिळाले नाही, तर अंगावर तडे जातात. ताण सोसण्याची शक्ती त्यात फारशी नाही. म्हणून आत लोखंड लागते. रस्त्याच्या कामावरच्या माणसाला हे सारे सवयीने ठाऊक होते. मोडक्या सायकलींच्या चौकटी आणि नळांचे तुकडे हा त्याच्या मूर्तींचा सांगाडा. त्यावर सिमेंट-वाळूचा थर, आणि वर निव्वळ सिमेंटचा घोटलेला लेप. लेप ओला असतानाच त्यात कपबशांच्या ठिकऱ्या किंवा फुटक्या बांगड्या बसवावयाच्या. बांगड्यांच्या काचांनी नेसविलेल्या नर्तकींच्या रांगाच्या रांगा पाहताना वस्त्राची घडी खरोखरच हलल्यासारखी वाटते. चेहरे मात्र जवळजवळ सारखे, भाबडे, एकटक पाहणारे. एकेकटी मूर्ती घेतली तर शिल्पशास्त्राचा जाणकार नाक मुरडील. पण त्या एकेकट्या पाहण्यासाठी घडविलेल्याच नाहीत. पाणी वाहणाऱ्या बाया, वादक, माकडे, अस्वले असा सारा समुदाय एकत्र उभा आहे. हे एक राज्य आहे आणि ही त्याची प्रजा. राज्यात शिरण्याच्या कमानी मुद्दाम ठेंगण्या ठेवल्या आहेत, जेणेकरून येणाऱ्याने मान लववावी.

१९७५ च्या सुमारास अधिकाऱ्यांना शोध लागला, तेव्हा सुमारे बारा एकरांवर अंगणे पसरली होती. कायद्याने ती पाडावयास हवी होती. परंतु लोकांनी बाजू घेतली, आणि डॉ. रंधावांसारखे जाणते प्रशासकही पाठीशी राहिले. १९७६ साली बाग सर्वांस खुली झाली. रस्ता-निरीक्षकाला तिचेच काम, पगार व पन्नास मजूर मिळाले. सरकारने आपल्याच गुन्हेगाराला असे नोकरीवर ठेवल्याची उदाहरणे फार नसावीत. १९८३ साली टपाल तिकीट निघाले, १९८४ साली पद्मश्री आली.

संकट टळले नव्हते. बागेतून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी केली, आणि १९८९ साली न्यायालयाने बागेच्या बाजूने निकाल दिला. १९९६ साली नेकचंद परदेशी असताना निधी बंद झाला व समाजकंटकांनी मूर्तींची मोडतोड केली. त्यानंतर स्वयंसेवक पुढे आले. १२ जून २०१५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, नेकचंद निवर्तले. २०२५ साली उच्च न्यायालयाकडील रस्ता रुंद करण्यासाठी व वाहनतळासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. त्या ढिगाऱ्यातले तुकडे सायकलवरून उचलून नेणारा माणूस आता नव्हता.